विहिरीत नसलेलं पाणी

लातूर जिल्हा झाला त्या साली पंचशीला चार वर्षांची होती. तिला त्यातलं एवढंच आठवायचं, की वडिलांना खाकी कपडे मिळाले आणि सगळं बिऱ्हाड दोन गाठोड्यांत बांधून एसटीच्या टपावर चढलं.

वडील ज्ञानोबा हे कुरणसांगवीचे. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवस्ती, तिथं त्यांचं दोन खणांचं घर. बहात्तरच्या दुष्काळात ज्ञानोबा आणि पारूबाई या नवराबायकोनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. दहा वर्षांनी नवा जिल्हा झाला, नवी कचेरी उघडली, आणि सातवी पास ज्ञानोबाला तिथं शिपायाची नोकरी लागली. उस्मानाबादेहून ट्रकमागून ट्रक दप्तर येत होतं. ते उतरवायचं, गठ्ठे सोडायचे, गावाचं नाव वाचून जागच्या जागी लावायचं. कुरणसांगवीचा गठ्ठा हाती लागला त्या दिवशी ते घरी येऊन बराच वेळ त्याच्याविषयीच बोलत राहिले. त्या गठ्ठ्यात वस्तीच्या आडाची नोंद होती. आड बुजून सहा वर्षं झाली होती, पण कागदावर त्याला अजून पाणी होतं. ज्ञानोबांनी ते भीतभीत कारकुनाच्या कानावर घातलं. कारकून हसला आणि म्हणाला, तुझं काम गठ्ठे लावायचं आहे. ते गप्प बसले, पण पुढं आयुष्यभर कुणी आपल्या गावाविषयी काही लिहिताना दिसला की ते मान लांब करून वाचायचे.

पारूबाई डाळमिलमध्ये तुरीतले खडे निवडायला जायची. मुलगी शिकावी एवढाच त्या दोघांचा हट्ट होता. पंचशीला शिकली. दहावीनंतर तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सला गेली. वर्गात मुली तीन होत्या.

तिथं तिला धोंडप्पा सर भेटले. ते निलंग्याकडचे, घरात कन्नड, वर्गात मराठी, आणि रंगात आले की दोन्हींची सरमिसळ. संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसा पोचतो, हा त्यांचा विषय. एकदा त्यांनी सगळा वर्ग वर्कशॉपात नेला. लेथ चालू, ग्राइंडर चालू, कानठळ्या बसत होत्या. सरांनी पंचशीलाला पत्र्याच्या दाराआड उभं केलं आणि बाहेरून दारावर बोटानं एकच ठोका मारला. तिला तो ऐकू आला नाही. मग त्यांनी ठोक्यांची एक ठरावीक माळ वाजवली: दोन ठोके, थांबा, एक, थांबा, तीन. पुन्हा तीच. पुन्हा तीच. तिसऱ्या खेपेला पंचशीला आतून म्हणाली, आता ऐकू आलं. सर म्हणाले, "नोडम्मा, बघ बाई, ठोका मोठा झाला नाही. तू काय ऐकायचं ते तुला कळलं."

ही गोष्ट तिच्या मनात घर करून बसली.

पदविका झाली तेव्हा पुढं शिकायची तिची इच्छा होती, पण पारूबाईचं दम्याचं दुखणं निघालं आणि नोकरी बघावी लागली. नांदेडच्या एका खाजगी अभियांत्रिकी कॉलेजात ती प्रयोगशाळा सहायक म्हणून लागली. मुलांचे प्रयोग मांडून द्यायचे, जळालेली सर्किटं दुरुस्त करायची, परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांना चहा सांगायचा. लग्न झालं शेषेरावांशी. ते किनवटच्या निवासी शाळेत शिक्षक, वसतिगृहही त्यांच्याकडंच, त्यामुळं शनिवारी रेल्वेनं यायचे आणि रविवारी परत जायचे. मधले पाच दिवस पंचशीलाचे स्वतःचे असत. त्या दिवसांत ती कॉलेज सुटल्यावर प्रयोगशाळेत तासभर थांबे आणि मोडीत निघालेल्या सामानातून काहीबाही जोडत बसे. पोरं तिला मॅडम म्हणायची, प्राध्यापक लोक पंचशीलाबाई म्हणायचे. अडलं की दोघंही तिच्याकडंच यायचे.

दोन हजार पंधराचा पावसाळा कोरडा गेला. त्याच्या आदलाही काही धड नव्हता. दिवाळीपर्यंत विहिरींनी तळ दाखवायला सुरुवात केली आणि कुठल्या गावाला टँकर द्यायचा, कुठल्याला नाही, याची भांडणं सुरू झाली. लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांतल्या टंचाईचं काम बघणाऱ्या एका अधिकाऱ्यांनी कॉलेजला विचारलं, की विहिरीतल्या पाण्याची पातळी घरबसल्या कळेल असं स्वस्तातलं काही करता येईल का. प्राचार्यांनी प्राध्यापकांना विचारलं, प्राध्यापकांनी पंचशीलाला.

तिनं दीड महिन्यात यंत्र उभं केलं. विहिरीच्या तोंडावर आडवी पट्टी टाकायची, तिच्यावर एक डबी. डबीतून लेसरचा किरण खाली सोडायचा. पाण्यावर दोन तारांमध्ये अडकवलेली पांढरी थाळी तरंगत असायची. किरण थाळीवर आपटून वर यायचा, आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खोल ते कळायचं. हे सांगायला सोपं. पण विहिरीवर माणसं वाकतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांना इजा होईल एवढा तेज किरण सोडता येत नव्हता. मंद सोडला तर भर उन्हात आणि धुळीत त्याचा मागमूस लागत नव्हता. तेव्हा तिला वर्कशॉपातलं पत्र्याचं दार आठवलं. एका चमकेऐवजी तिनं तेरा ठोक्यांची खूण सोडली, काही लागलेले, काही विझलेले, एका ठरावीक क्रमात. वर येणाऱ्या उजेडाच्या गोंधळात यंत्र ती खूण शोधायचं. परत आलेल्या उजेडावर खुणेचा नमुना सरकवत न्यायचा. जिथं तेराच्या तेरा ठोके जुळले, तिथं आलेखात एक उंच शिखर उभं राहायचं. तेच थाळीचं अंतर.

ते शिखर पहिल्यांदा पडद्यावर आलं तेव्हा प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. पंचशीलानं लातूरला फोन लावला. ज्ञानोबांना त्यातलं काही समजलं नाही, पण त्यांनी दोनदा विचारलं, "म्हणजे आता विहिरीचं खरं सांगता येईल?" ती म्हणाली, येईल.

जानेवारीत चाळीस विहिरींवर यंत्रं बसली. रोज सकाळी सहाला प्रत्येक विहिरीचा आकडा मोबाइलच्या संदेशानं अधिकाऱ्यांच्या कचेरीत आणि कॉलेजात यायचा. चाळिसांत कुरणसांगवीचं नाव घालायला पंचशीलानंच सांगितलं होतं. त्या दिवशी ज्ञानोबा मुद्दाम लातूरहून गावी गेले आणि पट्टी ठोकून होईपर्यंत विहिरीपाशी उभे राहिले. भोवती जमलेल्यांना ते म्हणाले, ही माझ्या लेकीची करामत आहे. गावात ज्यांच्या रानात स्वतःचे बोअर होते त्यांना या विहिरीचं फारसं पडलेलं नव्हतं. वस्तीतल्या चाळीस घरांना मात्र ही विहीर आणि टँकर सोडला तर दुसरं पाणीच नव्हतं.

मार्चच्या सुरुवातीला कॉलेजात एक बैठक झाली. अधिकारी आले होते. पडद्यावर गेल्या आठवड्यातले आलेख दाखवले गेले. बऱ्याच विहिरींच्या रेघा वरखाली नाचत होत्या. उन्हानं, धुळीनं, माणसांच्या हालचालीनं. एक रेघ मात्र सुतात ओढल्यासारखी सरळ होती. पंचशीला त्या रेघेकडं बोट दाखवून म्हणाली, ही कुरणसांगवीची विहीर, हिचं मोजमाप सगळ्यांत स्वच्छ येतंय. विहिरीत पाच मीटर पाणी आहे. अधिकाऱ्यांनी वहीत लिहून घेतलं. चार दिवसांनी कुरणसांगवीचा टँकर बंद झाला.

हे तिला कळायला बारा दिवस लागले. एका दुपारी प्रयोगशाळेत असताना फोन आला. सरजाबाई होती, ज्ञानोबांच्या चुलतभावाची बायको, वस्तीतच राहणारी. लहानपणी सुट्टीत गावी गेलं की पंचशीला तिच्याच घरी असायची. सरजाबाई सहसा फोन करणारी नव्हती. आधी तिनं पारूबाईच्या दम्याची चौकशी केली, शेषेरावांची केली. मग म्हणाली, "पंचे, तुझं यंत्र म्हनून ऱ्हायलं पानी हाय. आमी वाकून बघितलं. चिखल हाय."

पंचशीला म्हणाली, काकू, मी बघते. पण सरजाबाईचं बोलणं संपलं नव्हतं. गावातले आणि वस्तीतले मिळून दहाजण कचेरीत गेले होते, टँकर द्या म्हणायला. तिथल्या साहेबांनी त्यांना कागद दाखवला. पाच मीटर पाणी असताना टँकर मागता, फुकटचं मिळतंय म्हणून खोटं बोलता, असं म्हणाले. यंत्राला खोटं बोलून काय मिळणार आहे, असंही त्यांनी विचारलं. दहाजण परत आले. त्यातल्या वरच्या आळीच्या दोघांनी वाटेत वस्तीच्या लोकांना सुनावलं, की तुमच्याच पोरीचं यंत्र आहे. आता बाया तीन किलोमीटरवरच्या एका मळ्यातून पाणी आणत होत्या, मळेवाल्याची मर्जी असेल त्या वेळेला.

"खोटं ठरलो, त्याची लई लाज वाटली बघ," सरजाबाई म्हणाली. "पानी काय, आनूत कुठून तरी."

त्या आठवड्यात रजा मिळण्यासारखी नव्हती. पंचशीलानं अर्ज टेबलावर ठेवला आणि उत्तराची वाट न बघता पहाटेची गाडी पकडली. लातूरच्या स्टँडवर ज्ञानोबा पिशवी घेऊन उभेच होते. तिनं त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं. गाडीत शेजारी बसून दोघं कुरणसांगवीला निघाले.

विहिरीपाशी ऊन चढलं होतं. सरजाबाईनं घरातून आरसा आणला. पंचशीलानं आरशात ऊन धरलं आणि कवडसा खाली सोडला. सोळा मीटर खाली काळा चिखल होता, आणि त्यात तिची पांढरी थाळी तिरपी रुतून बसली होती, अर्धी मळलेली. तिच्या हातातला आरसा हलला आणि कवडसा भिंतीवरून वर घसरला. पाच-एक मीटरवर काहीतरी लखकन चमकलं. मोटारीच्या पाइपाचा जोड. ग्रामपंचायतीनं फेब्रुवारीत जुना गंजका जोड काढून नवा स्टीलचा बसवला होता.

तिनं टेपला वजन बांधलं आणि जोडापर्यंतचं अंतर मोजलं. पाच मीटर दोन सेंटिमीटर. मग पिशवीतून रोजच्या आकड्यांचा कागद काढला. गेले सव्वीस दिवस यंत्र एकच आकडा सांगत होतं: अकरा मीटर दोन सेंटिमीटर. फरक बरोबर सहा मीटरचा. ती विहिरीच्या कठड्यावर बसली. तिच्या खुणेतला एक ठोका उजेडाच्या वाटेनं मोजला तर दीड मीटरचा होता. सहा मीटर म्हणजे चार ठोके.

मग तिला सगळं उलगडलं. खुणेचा नमुना सरकवताना तेरा ठोके जुळतात तिथं शिखर येतं. पण दोन, चार, सहा ठोके इकडंतिकडं सरकलं तरी एखादा ठोका चुकून जुळतोच. तिथं बारकं टेकाड उभं राहतं, शिखराच्या तेराव्या हिश्शाएवढं. एरवी ते कुणाच्या नजरेत भरत नाही. पण किरणाची कड त्या चकचकीत जोडाला लागत होती. त्याचं शिखर एवढं प्रचंड होतं, की त्याचं बारकं टेकाडही मळक्या थाळीच्या क्षीण उजेडाला झाकून टाकत होतं. दुष्काळात पाणी एवढं वर नसतंच म्हणून, तोंडापासून पहिल्या दहा मीटरांतलं काही मोजू नकोस असं तिनंच यंत्राला सांगून ठेवलं होतं, म्हणून खुद्द जोड यंत्रानं सोडून दिला आणि त्याचं टेकाड थाळी म्हणून धरलं. आणि पोलादाचा जोड रोज जागच्या जागी असतो, म्हणून रेघ सुतासारखी सरळ. उन्हाळ्यात माणसं उपसत असताना, ऊन शोषत असताना, पाणी सव्वीस दिवस बोटभरही उतरत नाही, याचं तिला नवल वाटायला पाहिजे होतं. तिला कौतुक वाटलं होतं.

ती हे सगळं पुटपुटत होती आणि सरजाबाई ऐकत होती. शेवटी सरजाबाईनं विचारलं, म्हणजे बिघडलंय का? पंचशीला म्हणाली, "बिघडलं नाही काकू. मीच त्याला असं शिकवलं."

जमलेल्या माणसांना तिनं सांगितलं, की तुमचं खरं होतं, चूक माझी आहे, आणि हे मी कचेरीत लिहून देणार आहे. केरबा नावाचे वरच्या आळीचे एक म्हातारे शेतकरी होते, कचेरीत गेलेल्या दहाजणांतले. ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, लिहून दे, पण आज दे. मग निघून गेले.

ती तिथूनच थेट कचेरीत गेली असती, पण प्रकल्प कॉलेजच्या नावावर होता. दुसऱ्या दिवशी ती प्राचार्यांपुढं उभी राहिली. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मार्गही सुचवला: एका विहिरीत पाइपामुळं अडचण आली असं कळवू, तिथलं यंत्र बदलू, बाकीची एकोणचाळीस चालू राहतील. पुढच्या महिन्यात या कामाची मोठी मांडणी व्हायची आहे. तुमचंही नाव होईल, बाई.

"खूण चाळीस ठिकाणी एकच आहे, सर," पंचशीला म्हणाली. "कुठं कडी असेल, कुठं शिडी असेल. कुठली विहीर खरं सांगते ते मला इथं बसून कळत नाही."

प्राचार्य म्हणाले, मग काय चाळीसही बंद करायची? ती म्हणाली, होय.

त्यांनी विचार करायला वेळ मागून घेतला. पंचशीलाला पाठीमागं केरबांचं वाक्य ऐकू येत होतं. तिनं त्याच दुपारी स्वतःच्या नावानं पत्र लिहिलं. यंत्र मी तयार केले आहे, त्यातील संकेताच्या दोषामुळे कुरणसांगवी येथे नसलेले पाणी दिसले, इतर ठिकाणीही तसे होऊ शकते, सबब प्रत्यक्ष पाहणी होईपर्यंत कोणत्याही आकड्यावरून टँकर बंद करू नये. पत्र घेऊन ती स्वतः गेली. अधिकाऱ्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. ते रागावले नाहीत, पण दमल्यासारखे दिसले. तुम्हीच दिलेल्या आकड्यावर मी माणसांना बोललो, असं ते म्हणाले. पंचशीलानं मान खाली घातली नाही. ती म्हणाली, म्हणूनच मी आले.

तिसऱ्या दिवशी कुरणसांगवीला टँकर सुरू झाला. पाहणीत आणखी दोन विहिरींत असंच नसलेलं पाणी सापडलं. एकीत लोखंडी शिडी होती, एकीत पत्र्याचा डबा अडकला होता. चाळीसही यंत्रं उतरवली गेली आणि पोत्यांत भरून कॉलेजात परत आली. प्रकल्प गुंडाळला. न विचारता पत्र दिल्याबद्दल पंचशीलाला ताकीद मिळाली आणि प्रयोगशाळेतून तिची बदली भांडार विभागात झाली. खडू, वह्या, झाडू आणि ट्यूबलाइट यांचा हिशेब ठेवायचा. त्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पारूबाई ओळीत उभी राहून घागर भरून आणायची आणि फोनवर लेकीला सांगायची, तू आपली जपून राहा.

ज्ञानोबांनी तेव्हा सगळ्यांत जास्त मनाला लावून घेतलं. लेकीची बदली झाली याचं त्यांना वाईट वाटत होतंच. पण गावच्या माणसांना आपण छाती काढून सांगितलं होतं, ते त्यांना खात होतं. मेमध्ये पंचशीला घरी आली तेव्हा त्यांनी तिला आडाची ती जुनी गोष्ट सांगितली. तिला ती माहीत नव्हती. म्हणाले, "मी गप बसलो होतो. तुझी चूक झाली, पण तू गप बसली न्हाईस." एवढं बोलून ते उठून बाहेर गेले.

भांडारात एक बरं होतं, दुपारी दोननंतर कुणी येत नसे. पंचशीलानं पोत्यातलं एक यंत्र तिथं आणून ठेवलं. तिला ठोक्यांची अशी खूण हवी होती, जिला टेकाडंच नाहीत. महिनाभर वेगवेगळे क्रम लिहून पाहिले. लांब खूण घेतली की टेकाडं बुटकी व्हायची, पण जायची नाहीत. शेवटी ती निलंग्याला धोंडप्पा सरांकडं गेली. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, एक डोळा अधू झाला होता. त्यांनी सगळी हकिकत ऐकली. कुठल्या चुकीला ते हसले नाहीत. म्हणाले, टेकाड नसलेली एकटी खूण मिळायची नाही, शोधू नको. मग त्यांनी कपाटातून पिवळ्या पडलेल्या टिपणांची वही काढायला लावली. त्यात अशा खुणांच्या जोड्या होत्या. जोडीतली प्रत्येक खूण सदोषच. पण पहिलीच्या आलेखात जिथं टेकाड येतं, दुसरीच्या आलेखात नेमका तिथंच तेवढ्याच मापाचा खड्डा पडतो. आधी एक सोडायची, मग दुसरी, आणि दोन्ही आलेखांची बेरीज करायची. टेकाडं खड्ड्यांत बुजतात, शिखर दुप्पट होतं.

सरांनी पाठकोऱ्या कागदावर दोन-दोन ठोक्यांची सगळ्यांत छोटी जोडी मांडायला सांगितली. पंचशीलानं बेरीज केली. मधोमध चार, दोन्ही बाजूंना शून्य. तिनं पुन्हा करून पाहिली. तेच. तिला इतकं बरं वाटलं, की ती त्या कागदाकडं बघत राहिली. सरांनी बायकोला हाक मारून ज्वारीच्या भाकरी टाकायला सांगितलं.

काम मात्र तिथं संपलं नाही. वहीतल्या खुणांमध्ये उलटे ठोके होते, आणि उलटा उजेड असा काही नसतो. दिवा एक तर लागलेला असतो, नाहीतर विझलेला. मग तिनं प्रत्येक खूण दोनदा सोडायचं ठरवलं. एकदा सरळ, एकदा लागलेलं विझवून आणि विझलेलं लावून, आणि दुसरीतून आलेलं पहिलीतून वजा करायचं. दोन खुणांच्या चार फेऱ्या. या वजाबाकीत उन्हाचा भडकाही आपोआप निघून जात होता, ते तिच्या ध्यानात मागाहून आलं. शेषेराव शनिवारी आले की ती त्यांना भांडाराच्या व्हरांड्यात उभं करायची. ते एका हातात चकचकीत ताट आणि दुसऱ्या हातात मळकट पुठ्ठा धरायचे, कधी जवळ कधी लांब. ताटाच्या झगमगाटामागचा पुठ्ठा यंत्रानं पहिल्यांदा बिनचूक ओळखला तो ऑक्टोबरातला रविवार होता. त्या साली पाऊस उदंड झाला होता आणि विहिरींच्या पातळीची कुणालाच फिकीर नव्हती.

तरीही ती यंत्र घेऊन कुरणसांगवीला गेली. या खेपेला तिनं आधी वस्तीत आणि मग चावडीवर बसून विचारलं, बसवू का. केरबा म्हणाले, बसव, पण आम्हालाही दिसलं पाहिजे. म्हणून विहिरीच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत रंगानं मीटरचे पट्टे ओढले. यंत्राचा आकडा चावडीच्या फळ्यावर लिहायचा आणि ज्याला वाटेल त्यानं पट्टा बघून ताडून घ्यायचा. सरजाबाई जवळजवळ रोज ताडून बघायची. दोन वर्षांत तिनं सहा वेळा फरक कळवला. चारदा तिची नजर चुकली होती आणि दोनदा यंत्र. त्या दोन्ही वेळा थाळी तारेत अडकून तिरपी झाली होती.

त्यावरून पंचशीलानं यंत्रात एक भर घातली. जोडखुणेनं खोटं पाणी दिसणं थांबलं होतं, पण थाळीचा उजेडच पुरेसा परत आला नाही तर यंत्र तरी काय करणार? आधी ते कसाबसा एखादा आकडा काढून द्यायचं. आता शिखर ठरावीक उंचीचं नसेल तर आकडा द्यायचाच नाही, असं तिनं त्याला शिकवलं. संदेशात फक्त "कळत नाही" असं यायचं. धोंडप्पा सरांना ही सुधारणा सगळ्यांत आवडली, असं त्यांनी फोनवर सांगितलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते वारले.

दोन हजार अठराला पुन्हा पावसानं पाठ फिरवली. जुने अधिकारी बदलून गेले होते. नव्यांना जुन्या फायलीत पंचशीलाचं ते पत्र सापडलं. पत्र वाचून त्यांनी कॉलेजात फोन केला आणि भांडारात काम करणाऱ्या बाईच हव्यात असं सांगितलं. बारा विहिरींवर यंत्रं बसवायची ठरली. तिनं दोन अटी घातल्या: भिंतीवर पट्टे हवेत, आणि आकडा गावात आधी लिहिला जाईल, कचेरीत मग. अटी मान्य व्हायला महिना गेला, पण झाल्या. कॉलेजनं तिला प्रयोगशाळेत परत घेतलं. आता तिथं नवे प्राध्यापक होते, ते तिला मॅडम म्हणायचे.

पुढच्या फेब्रुवारीत एका सकाळी अधिकाऱ्यांचा फोन आला. आवाजात वैताग होता. लोह्याकडच्या एका विहिरीचा तीन दिवस झाले आकडाच नाही, रोज "कळत नाही" येतंय, टँकरची यादी आज पाठवायची आहे, मी काय लिहू?

पंचशीला म्हणाली, "गावाला विचारा, साहेब."

मग ते म्हणाले, बरं, माणूस पाठवतो. माणूस जायला दोन दिवस लागले. त्या विहिरीत कमरेएवढं पाणी होतं आणि एक घोरपड थाळीवर बसून होती.